कपाळावरचा कॅमेरा: नर्सिंग शिकवताना तो कसा वापरायचा

सलाईन लावून दाखवायचं म्हटलं की दहा-बारा मुली खाटेभोवती गोळा होतात. पहिल्या दोघींना माझे हात दिसतात, पुढच्या तिघींना माझं कोपर आणि बाकीच्यांना समोरच्या मुलीची वेणी. गोव्यात वैद्यकीय शाळा सुरू झाली १८४२ साली. पोर्तुगीज अमदानीत निघालेली ती वैद्यकीय शाळाच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झाली, आपली गोमेकॉ. तेव्हापासून औषधं बदलली, सुया बदलल्या, शिकणाऱ्याची जागा मात्र तीच राहिली, शिकवणाऱ्याच्या खांद्यामागे.

डोक्याला बांधायच्या छोट्या कॅमेऱ्यामुळे ही अडचण बरीचशी सुटते. कल्पना काही नवी नाही. २०१३ मध्ये गूगल ग्लास हा कॅमेरा असलेला चष्मा निवडक लोकांच्या हाती आला आणि २०१४ मध्ये लंडनचे सर्जन शफी अहमद यांनी तो घालून केलेली शस्त्रक्रिया विद्यार्थ्यांना थेट दाखवली. पुढे २०२३ मध्ये गूगलने त्या चष्म्याची विक्री थांबवली. आपल्याला तो लागतही नाही. बागा-कळंगुटला वॉटर स्पोर्ट्‌स करणारे पर्यटक हेल्मेटला लावून हिंडतात ना, तसला अॅक्शन कॅमेरा पुरतो. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तीन वर्षं हा प्रकार करताना ज्या चुका केल्या, त्यांतून तयार झालेली ही पद्धत आहे.

आधी ठरवा: कॅमेरा कोणाच्या डोक्यावर?

बहुतेक जण कॅमेरा आणतात तो टीचरने घालायला. प्रात्यक्षिक चित्रित करायचं आणि वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायचं. ते करावंच. पण खरा उपयोग कॅमेरा मुलीच्या डोक्यावर गेला की सुरू होतो. एक प्रसंग सांगते.

एक विद्यार्थिनी डमीच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, हातावर कॅन्युला (सलाईनसाठी सुईवरून शिरेत सरकवायची बारीक नळी) लावायची आणि दर दोन वेळांपैकी एकदा चुकायची. मी शेजारी उभी राहून बघायची. टूर्निकेट (शीर फुगवायला दंडाला बांधायचा पट्टा) बरोबर, अँगल पंधरा ते तीस अंशांच्या मधला, सुईच्या मागच्या कप्प्यात लाल पाणी येतंय, म्हणजे सुई शिरेत पोचलीय. तरी कॅन्युला पुढे सरकवताना शिरेबाहेर. मी आपली म्हणत राहिले, "सावकाश कर गं." मग एक दिवस कॅमेरा तिच्या कपाळावर बांधला आणि दोघींनी मिळून चित्रफीत पाहिली. लाल पाणी दिसलं की त्याच क्षणी तिचा डावा अंगठा उचलला जात होता. खाली त्वचा ताणून धरणारा तोच तो अंगठा. ताण सुटला की शीर सरकायची आणि सुईचं टोक तिच्या भिंतीत जायचं. मी उजवीकडे उभी असायची आणि तिचा उजवा हात नेमका तो अंगठा झाकायचा. "टीचर, हा माझाच हात?" असं तिने विचारलं. पुढच्या चार प्रयत्नांत अंगठा जागेवर होता.

तेव्हा पहिली पायरी अशी: एकच कौशल्य निवडा. दोन ते पाच मिनिटांत संपणारं आणि सगळा खेळ हातांत असणारं. कॅन्युला, कॅथेटर, ड्रेसिंग, इन्सुलिन पेन, इंजेक्शन भरणं. हात धुण्याच्या सहा पायऱ्या तर फारच छान दिसतात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद लागले पाहिजेत. चित्रफितीवर वेळ उमटत असल्यामुळे "मी धुतले होते" हा वाद मिटतो. सीपीआरला (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याला) मात्र कपाळावरचा कॅमेरा नको. मिनिटाला १०० ते १२० दाब देताना डोकं हलतं आणि बघणाऱ्याला बोट लागल्यासारखं होतं. शिवाय तिथे बघायची असतात कोपरं आणि खांदे. ते बाजूला स्टँडवर ठेवलेल्या मोबाइलमधून उत्तम दिसतात.

कॅमेरा घेताना

सर्वांत महागडं मॉडेल नको. तीनच गोष्टी बघा: चित्र रुंद पसरट न दिसता सरळ रेषेत दिसण्याची सोय, ज्याला बऱ्याच कॅमेऱ्यांत 'लिनियर' म्हणतात, काढता येणारी बॅटरी, आणि चालू असताना समोरून दिसणारा लाल दिवा. हा तिसरा मुद्दा मी अडून धरते. चष्म्यात लपलेले कॅमेरे आता बाजारात सहज मिळतात, दिसायला साधा गॉगल. वॉर्डात ते आणू नका. समोरच्या रुग्णाला कॅमेरा दिसला पाहिजे आणि तो चालू आहे हेही कळलं पाहिजे.

सोबत डोक्याचा इलॅस्टिक पट्टा, एक जादा बॅटरी आणि 'व्ही ३०' लिहिलेलं मायक्रोएसडी कार्ड. फुल एचडीमध्ये पाच मिनिटांना सव्वा जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणून ६४ जीबीचं कार्ड भरपूर. कॅमेऱ्याला पैसेच नसतील तर मोबाइल गळ्यात अडकवायचा स्टँड मिळतो. चित्र थोडं हलतं, पण डमीवरच्या सरावाला चालून जातं.

बांधायचा कसा

नवी मंडळी इथेच फसतात. कॅमेरा कपाळावर सरळ बांधला की चित्रात येते समोरची भिंत, कॅलेंडर आणि खाटेचा दांडा. कारण काम करताना आपण डोकं थोडंच वाकवतो, बाकी खाली बघतात ते डोळे. म्हणून कॅमेरा खाली झुकवावा लागतो. किती, ते प्रत्येकीच्या उंचीवर आणि खाटेवर ठरतं. मी असं करते: मुलीला डमीजवळ नेहमीच्या पवित्र्यात उभी करते, हात कामाच्या जागी ठेवायला सांगते आणि मोबाइलवरच्या अॅपमध्ये चित्र बघत कॅमेरा हळूहळू खाली वळवते. दोन्ही मनगटं चौकटीच्या खालच्या तृतीयांशात आणि सुईचं टोक साधारण मधोमध आलं की स्क्रू घट्ट. मग तिला म्हणायचं, "आता ट्रेमधून कापूस उचल." ट्रेही चौकटीत येतो ना, ते पाहायचं. नसेल येत तर कॅमेरा न हलवता ट्रे जवळ घ्यायचा. तसंही सामान हाताशी असावं हे आपण शिकवतोच.

छातीवरचा पट्टा सोयीचा वाटतो, पण कोपरं आत आली की हातच झाकले जातात. वाकलं की सगळा वेळ चादर. मी तो वापरणं सोडून दिलं.

अंतराचंही भान ठेवा. अॅक्शन कॅमेऱ्याचा फोकस सहसा ठरलेला असतो. फार जवळचं धूसर दिसतं. हात दीडेक फुटावर असले तर ठीक. पण शीर सापडत नाही म्हणून एखादी नाक लावून वाकली तर चित्र धूसर आणि पवित्राही चुकलेला. चित्र धूसर झालं की "कंबर सरळ" असं सांगायला मला आयतं निमित्त मिळतं.

सेटिंग, एकदाच करून ठेवायचं

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. कॅमेरा मात्र पुष्कळदा ६० हर्ट्झवर लावलेला येतो आणि मग ट्यूबलाइटखाली चित्रात काळे-पांढरे पट्टे धावतात. सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' ५० हर्ट्झ, कुठे 'पाल' असं लिहिलेलं असतं, ते निवडा आणि सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम ठेवा. पहिला अख्खा महिना मी पट्टे बघत कॅमेरा खराब म्हणून दुकानदाराशी भांडले होते. बिचारा.

दुसरं, प्रकाश. पांढरी चादर, पांढरे ग्लोव्ह्ज, वरून प्रोसिजर लाइट. कॅमेरा गोंधळतो आणि नेमकी कामाची जागा पांढरीफटक होते. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, अर्ध्यापासून एका टप्प्यापर्यंत खाली आणा, चित्र किंचित काळपट आलं तरी चालेल. निळ्या किंवा हिरव्या ड्रेपवर (कामाच्या जागी अंथरायच्या कापडावर) काम केलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

लोकेशन बंद. वायफाय चित्रीकरणाआधी बंद. आपोआप क्लाउडवर चढवण्याची सोय असेल तर तीही बंद. आवाजाचं म्हणाल तर डोक्यावरच्या पंख्याची घरघर मुलीच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येते. शक्य तर तेवढ्या पाच मिनिटांपुरता पंखा बंद करा. मे महिन्यात हे मुलींना सांगून बघा, काय तोंडं करतात!

पहिला महिना फक्त डमी

वॉर्डात जायची घाई करू नका. स्किल लॅबमध्ये प्रत्येक मुलीने किमान तीन वेळा कॅमेरा घालून काम केलेलं हवं. पहिल्या वेळी सगळ्या अवघडतात आणि हात थरथरतात. दुसऱ्यांदा विसरतात. तिसऱ्या खेपेला जे दिसतं ते खरं.

यात मुलींचीही संमती लागते, आणि ती नुसती नावापुरती नको. टीचर गुण देणार असते, त्यामुळे "चालेल ना गं?" म्हटलं तर कोण नाही म्हणणार? म्हणून मी नियमच केला आहे: ही चित्रफीत गुणांसाठी वापरायची नाही, मुलीला न विचारता वर्गात दाखवायची नाही, नको म्हणणारीला सराव कॅमेऱ्याशिवाय तेवढाच मिळणार. आणि एक कायद्याची बाब सहज निसटते. नर्सिंगच्या प्रवेशाला किमान वय १७ आहे, पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या खालच्यांना मूलच मानतो. पहिल्या वर्षात अशा एक-दोन मुली असतातच. त्यांच्या पालकांची सही प्रवेशाच्या वेळीच घेऊन ठेवा.

वॉर्डात: कागदाआधी बोलणं

आधी संस्थेची लेखी परवानगी; इस्पितळाच्या वैद्यकीय अधीक्षकांची आणि तिथे नीतिमत्ता समिती असेल तर तिचीही. ती हातात येईपर्यंत कॅमेरा बॅगेतच. मग रुग्ण.

संमतिपत्र मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत तयार ठेवा. तरी कागद शेवटी. सत्तरीतल्या एका आजींना मी अगदी छापील मराठीत समजावलं, "शैक्षणिक चित्रीकरण" वगैरे. त्यांनी मान डोलावली. अंगठा उमटवायला हात पुढे केला आणि मग हळूच विचारलं, "टीव्हीचेर दाखयतले?" टीव्हीवर दाखवणार का? म्हणजे मी बोलले त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. मग मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला, मोबाइलवर त्यांना त्यांचाच हात दाखवला आणि कोकणीत सांगितलं की तोंड येणार नाही, फक्त हात, या मुलींना शिकायला, मग पुसून टाकणार. आजी म्हणाल्या, तोंडाचं काही नाही, पण हातातल्या हिरव्या बांगड्या दिसतील ना, गावातली ओळखतील. केवढी अचूक शंका! आम्ही मनगटावर ड्रेप टाकला.

तेव्हापासून या पाच गोष्टी तोंडी सांगितल्याशिवाय मी सही घेत नाही: काय दिसेल, कोण बघेल, किती दिवस राहील, नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, आणि आता हो म्हणून नंतर नाही म्हणता येईल. शेवटचं तर २०२३ च्या कायद्यातच आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारसंहितेत आधीपासून नियम आहे की ओळख पटेल असे रुग्णाचे फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय नियतकालिकात छापायच्या नाहीत. नर्सिंगमध्ये आपण त्याहून सैल का असावं?

काही ठिकाणी मी विचारतच नाही. प्रसूतिगृह, बेशुद्ध रुग्ण, मानसोपचार विभाग, लहान मुलं. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने माहितीची गुप्तता बंधनकारक आहे. ही कौशल्यं डमीवर शिकवता येतात.

प्रत्यक्ष चित्रीकरण

कॅमेरा हात धुण्याआधी बांधायचा. एकदा स्टराइल ग्लोव्ह्ज चढले की कॅमेऱ्याला, पट्ट्याला किंवा कपाळाला हात लावायचा नाही. चालू-बंद करायचं ते दुसऱ्या मुलीने. पट्टा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) जात नाही, म्हणून प्रत्येकीचा पट्टा वेगळा ठेवा किंवा आत डिस्पोजेबल कॅप घाला. पट्टे रोज साबणाने धुऊन वाळवायचे. कॅमेरा ७० टक्के अल्कोहोलच्या पुसणीने पुसा, लेन्स मात्र मऊ कापडाने. हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक) जवळ आणू नका, धातूचे भाग खाऊन टाकतं.

सुरू करण्याआधी अर्धा मिनिट नुसतं चौकटीकडे बघा. हा धडा मी माझ्याच चुकीने शिकले. एका ड्रेसिंगची चित्रफीत मला फार आवडली होती, दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा पाहताना दिसलं की बाजूच्या लॉकरवर केसपेपर पडला आहे आणि चार सेकंद नाव, वय, गाव सगळं स्वच्छ वाचता येतंय. सगळी चित्रफीत पुसली. आता एक मुलगी 'चौकट राखणारी' असते. तिने केसपेपर उलटा करायचा, आयडी बँड झाकायचा, हात धुण्याच्या बेसिनवरचा आरसा टॉवेलने झाकायचा, शेजारच्या खाटेचा पडदा ओढायचा आणि नातेवाइकांना सांगायचं. आवाजाचंही तेच. रुग्णाला नावाने हाक मारणं ही चांगली सवय, पण ते नाव ध्वनिमुद्रणात राहतं. मुलींनी नाव कॅमेरा सुरू होण्याआधी विचारून खात्री करायची, नंतर "आजी", "मामा", "बाय" एवढंच.

काही बिघडलं, रक्त जास्त आलं, रुग्ण घाबरला, तर कॅमेऱ्याचा विचारच करायचा नाही. बंद करायला वेळ मिळाला नाही तरी चालेल, ती चित्रफीत नंतर रुग्णाला विचारूनच ठेवायची किंवा पुसायची.

बघायची कशी

घरी नेऊन नाही. शाळेच्या एकाच ठरलेल्या संगणकावर, पासवर्ड असलेल्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर. व्हॉट्सअॅपवर पाठवायची नाही, टीचरलाही नाही, "फक्त एकदा बघायला" म्हणूनही नाही.

आधी मुलगी एकटीच बघते. कागदावर दोन ओळी लिहिते: काय जमलं, कुठे अडलं. नव्वद टक्के वेळा, माझ्या अंदाजाने, ती चूक स्वतःच सांगते आणि मला फक्त मान डोलवायची असते. मग दोघी दहा मिनिटं बसतो. तीनपेक्षा जास्त ठिकाणी मी थांबवत नाही. व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरमध्ये वेग निम्मा करता येतो, कॅन्युलाच्या त्या दोन सेकंदांसाठी तो फार कामाला येतो. लाल पाणी आलं, सुई किंचित आडवी केली, जरा पुढे गेली, कॅन्युला सुईवरून सरकली, टूर्निकेट सुटलं, मग शिरेवर दाब आणि शेवटी सुई बाहेर. निम्म्या वेगात हा क्रम इतका स्पष्ट दिसतो की टूर्निकेट न सोडता सुई काढणारी मुलगी स्वतःच डोळे मिटून घेते.

प्रश्न विचारताना "हे का केलंस?" असं नको. "इथे तू कशाकडे बघत होतीस?" असं विचारा. कॅमेऱ्याला डोक्याची दिशा कळते, डोळ्यांची नाही. ती तिनेच सांगायची.

आणि आवाज ऐका. अपेक्षाच नव्हती, पण मुलींशी निम्म्या गप्पा यावरच होतात. सुई टोचण्याआधी "मातशें दुखतलें हां, आजी" (थोडं दुखेल हं) म्हटलं की नाही? सगळं बिनचूक केलेली, पण अख्ख्या चार मिनिटांत रुग्णाशी एक शब्दही न बोललेली मुलगी आपली चित्रफीत बघून रडवेली झाली होती. तिला मी एकही गुणदोष सांगितला नाही.

पुसणं आणि पावसाळा

मुलीची सरावाची चित्रफीत चर्चेनंतर सात दिवसांत पुसायची. शिकवण्यासाठी ठेवायची असेल तर रुग्णाच्या संमतिपत्रात तो वेगळा रकाना हवा, आणि ठेवण्याआधी तीन मिनिटांपर्यंत कापून, आवाज काढून टाकून, चेहरा-टॅटू-दागिने धूसर करून. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत हे सगळं होतं. एक वही ठेवा: तारीख, कौशल्य, संमतिपत्राचा क्रमांक, पुसल्याची तारीख, सही. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि संगणकाचा रिसायकल बिनही रिकामा करा. तो हमखास विसरला जातो.

जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याला जपा. एसी असलेल्या लॅबमधून थेट वॉर्डात नेला की थंड लेन्सवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी जमतं आणि पहिली दहा मिनिटं धुकं दिसतं. बंद पिशवीत ठेवून पाऊण तास वॉर्डातच राहू द्या, मग काढा. रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. पुड्यांचा रंग बदलला की बदला. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुटीआधी बॅटरी काढून वेगळी ठेवायची, साधारण अर्धी चार्ज केलेली, आणि डब्याची किल्ली कोणाकडे आहे ते वहीत लिहायचं. मागच्या वर्षी ती माझ्याच पर्समध्ये, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सुपाऱ्यांबरोबर पेडण्याला जाऊन आली.